गुलाबभाऊंच्या पिशवीतले पाय

आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे पाय गुलाबभाऊंच्या पिशवीत असतात. माझेही आहेत. घाबरू नका, कागदाचे आहेत.

कारंजा गावाच्या टोकाला, जिथे घरं संपून भाजीचे वाफे सुरू होतात, तिथे गुलाबभाऊंचा मळा आहे. वांगी, मेथी, दोडकी. घरात ते एकटेच. वर्षातून एकदा ते एका दिवसासाठी नागपूरला जातात आणि जाताना सगळ्या गल्लीची खरेदी अंगावर घेतात. चपला हव्या असतील तर ते तुम्हाला वर्तमानपत्रावर उभं करतात आणि पेन्सिल सरळ धरून पाऊल गिरवतात. तेही संध्याकाळीच, कारण "सकायचा पाय खोटा असते, दिवसभर चालल्यावर खरा होते." गिरवताना आपण श्वास रोखला की ओरडतात, "दम सोडा, दम सोडा! छाती फुगवली का पाय आखडते." मग कागद कापून त्यावर नाव आणि शेरा लिहितात. माझ्या कागदावर लिहिलं आहे : 'सर. डावा अंगठा तापट.'

बांगड्यांचं माप दोऱ्याला गाठ मारून घ्यायचं, ब्लाउजपीससाठी साडीची कातरण टाचणीने अडकवायची. नंबरावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मी एकदा शहाणपणा करून मोबाइलवरून आठ नंबरचे बूट मागवले. ते चावले. लंगडत दारासमोरून जाताना गुलाबभाऊ म्हणाले, "सर, नंबर दुकानदाराचा असते, पाय आपला असते. तुमच्या पायाले नंबर वाचता येते काय?" मी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं, तरी त्या संध्याकाळी त्यांच्या वर्तमानपत्रावर जाऊन उभा राहिलो.

त्यांचं माप कधी चुकलेलं नाही, हे मात्र गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

यंदा ते म्हणाले, "सर, तुमी चला संगं." कारणही लगेच सांगितलं. पोटात काही ठेवायची त्यांना सवय नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा आणि सून वेगळे झाले. सून वैशाली मुलीला घेऊन नागपूरला माहेरी गेली आणि तिथल्याच एका दवाखान्यात नोकरीला लागली. तेव्हा नात स्वरा चार वर्षांची होती. त्यानंतर गुलाबभाऊंनी तिला पाहिलं नव्हतं. यांनी फोनवर फोन केल्यावर शेवटी वैशाली कबूल झाली : दुपारी तीन ते चार, तळ्याकाठच्या बागेत, एकदा भेटून घ्या. पुन्हाचं काही सांगता येणार नाही.

"एक घंटा," गुलाबभाऊ म्हणाले. "एका घंट्यात माणूस काय बोलते सर? मले तर 'कशी हाय' म्हनाले अर्धा घंटा लागन."

नातीला सँडल घ्यायच्या म्हणून त्यांनी माप मागितलं. वैशालीने नंबर सांगितला. हे ऐकेनात. शेवटी तिने वहीच्या पानावर स्वराचं पाऊल गिरवून टपालाने पाठवलं. ते पान पिशवीत इतर पायांबरोबर नव्हतं. ते सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं.

पहाटेची एसटी धरून आम्ही दहाच्या सुमारास नागपुरात उतरलो. आधी तर्री-पोहे, म्हणजे वरून झणझणीत रस्सा ओतलेले पोहे. गुलाबभाऊंनी तर्री तीनदा मागून घेतली, कपाळाचा घाम पुसला आणि निकाल दिला, "तर्री फस्क्लास. कांदा मात्र मागच्या हंगामातला हाय." पोहेवाला आणखी तर्री वाढायला आला होता, तो तसाच माघारी गेला.

मग शून्य मैलाचा दगड. देशातली अंतरं इथून मोजत असत असं मी मास्तरकीच्या सवयीने सांगितलं आणि पस्तावलो. गुलाबभाऊंचे डोळे विस्फारले. "म्हनजे सगळ्या मापाचं माप इथं हाय?" त्यांनी चपला काढून हात जोडले. मग खिशातून दोरा काढून ते दगडाकडे निघाले. घेर मोजायचा होता. मी त्यांना धरून मागे ओढलं. लोक मोबाइल काढायला लागले होते.

मेट्रोत बसवलं, तर सगळा प्रवासभर ते खिडकीतून खाली बघून हळहळत होते. त्यांना ना उंच इमारती दिसल्या ना पूल. "एवढ्या गच्च्या! अन् एका गच्चीवर दोडक्याचा येल नाही. काहून राहतेत हे लोकं इथं?" शेजारच्या बाईंनी आपल्याकडे कुंडीत मिरची लावली आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांना जरा धीर आला. उतरेपर्यंत त्यांनी बाईंना खताचे तीन प्रकार शिकवले.

जेवायला गेलो तिथे वांग्याची भाजी आली. एक घास घेऊन त्यांनी वाढप्याला बोलावलं. "हे वांगं कोन्या गावचं?"

"मार्केटचं."

"मार्केटात वांगं उगवते काय बाप्पा?"

वाढप्याने माझ्याकडे पाहिलं. मी पापड मोडत राहिलो. या दिवसात मी पापडावर फार अवलंबून राहिलो.

चपलांच्या दुकानात तर कहर झाला. गुलाबभाऊंनी काउंटरवर अकरा पाय मांडले आणि प्रत्येकावर चप्पल ठेवून, वाकून, एक डोळा मिटून पाहू लागले. "हे देशमुखबाई. यायच्या करंगळीले जागा ठेवा." "हा रामा. याचा पाय रुंद, सोभाव बी रुंद." दुकानदार आधी हसला, मग वैतागला आणि शेवटी स्वतःच गुडघ्यावर बसून देशमुखबाईंच्या करंगळीची चौकशी करू लागला. तासभर हा कारभार चालला. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी आतल्या खिशातून वहीचं पान काढलं, हाताने सपाट केलं आणि त्यावर निळी सँडल ठेवली. बरोब्बर. केसाचाही फरक नाही. "सर, तुमी बांगड्यावाल्याकडं व्हा पुढं, मी बांधून घेतो," ते म्हणाले. मी गेलो.

पावणेतीनला आम्ही बागेत. गुलाबभाऊंनी तीनदा टोपी काढून पुन्हा घातली. तीनला वैशाली आली. तिच्या मागून दोन वेण्या घातलेली, उंच झालेली स्वरा. तिने आजोबांना ओळखलं नाही, आईच्या ओढणीत लपून पाहत राहिली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस एकदम मुका झाला. "कशी हाय" म्हणायलासुद्धा त्यांना जमेना. अर्धा तास असाच सरला. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी त्यांनी खोकं पुढे केलं. निळ्या सँडल बघून स्वरा ओढणीतून बाहेर आली, पायात घालून दोन पावलं चालली आणि सँडल फटक् फटक् वाजल्या. टाचेमागे दोन बोटं जागा मोकळी.

"बाबा, मोठ्या झाल्या ना या," वैशाली म्हणाली.

"मोठ्या?" गुलाबभाऊ तळ्याकडे बघून बोलत होते. "चुकलं वाटते माप. वय झालं आता. दे इकडं, बदलून आनतो. पुढच्या महिन्यात."

मी आपला भाबडा. "अहो, दुकान तर इथून दहा मिनिटांवर..." एवढं बोललो आणि जीभ चावली. वहीच्या पानावर बरोब्बर बसलेली निळी सँडल मला आठवली, आणि खोकं बांधून घेताना त्यांनी मला पुढे पाठवलं होतं तेही.

वैशाली त्यांच्याकडे बघत होती. सहा वर्षं ती आमच्या गल्लीत नांदली. गुलाबभाऊंनी दोऱ्याच्या मापावर आणलेली एकही बांगडी तिच्या हातात कधी सैल झाली नव्हती. ती खाली बसली, स्वराच्या पायातल्या सँडल काढल्या आणि खोक्यात घालून त्यांच्या हातात दिल्या.

"राहू द्या सर, आज बाबा दमले," ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "आना बाबा पुढच्या महिन्यात. अन् तवाही नाही बसल्या, तर पुन्हा बदलू."

गुलाबभाऊ खोक्याला दोरी बांधायला लागले. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा स्वराने दोरीवर बोट दाबून धरलं.