ह्यांना सांगायचं नाही

रविवारी सकाळी रहस्यकथेच्या एकशे बाराव्या पानातून एक चिठ्ठी मुद्रितशोधकांच्या मांडीवर पडली. अक्षर बायकोचं होतं. 'डॉक्टरांना परवाच कळलं होतं! ह्यांना अजिबात सांगायचं नाही.'

या घरात 'ह्यांना' म्हणजे एकच माणूस, आणि तो आत्ता चिठ्ठी धरून बसला होता. तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेली, त्यामुळे सवयीने त्यांनी ती तपासलीही. शुद्धलेखन निर्दोष. फक्त उद्गारचिन्ह खटकलं. साध्या दुखण्याला पूर्णविराम पुरला असता.

विचारावं, तर सांगायचं नाही असं तिनेच ठरवलेलं. तेव्हा न विचारता सेवा करायची असं ठरवून ते स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासू लागले.

बायको दारातच थबकली. "अहो, काय फोडलंत?"

"काही नाही. तू बस."

"बसू? कशाला?"

"मग पड जरा."

एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण त्यांनी तिच्या हातातली कपड्यांची बादली ओढून घेतली, आणि तू लावलेले पडदे छान दिसतात, असंही सांगितलं. पडदे लावून सहा वर्षं झाली होती. बायकोचं धाबं दणाणलं. तिने आतल्या खोलीत जाऊन लेकीला फोन लावला. "बाबांना काहीतरी झालंय गं. भांडी घासतायत."

पाचव्या मिनिटाला लेकीचा त्यांना फोन. "बाबा, खरं सांगा, डॉक्टरांकडे गेला होतात का?"

"डॉक्टर? म्हणजे तुलाही माहीत आहे! फक्त मलाच सांगायचं नव्हतं!"

"काय सांगायचं नव्हतं?"

"ते आईला विचार. पण मी विचारायला सांगितलं, हे सांगू नकोस."

तासाभरात लेक रक्तदाब मोजायचं यंत्र काखेत मारून दारात हजर. "आधी कोणाचा बघू?"

"हिचा," मुद्रितशोधक म्हणाले.

"ह्यांचा," बायको म्हणाली.

यंत्र शेवटी त्यांच्याच दंडाला गुंडाळलं गेलं, आणि आकडा काही बरा नव्हता. मग मात्र त्यांना राहवेना. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून बायकोपुढे धरली. "काय झालंय तुला?"

बायकोने चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे पुस्तकातले डॉक्टर! प्रेत सापडलं काल, आणि ते म्हणतात, मला परवाच कळलं होतं. तिथेच मी ओळखलं, खून डॉक्टरांनीच..." तिने जीभ चावली.

शेवट आधी कळला की मुद्रितशोधक दोन दिवस फुगून बसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सांगितलास तर सांगितलास," ते म्हणाले. "तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!"

त्यांचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग पुढे काय होतं?"

"पुढचं मी वाचलंच नाही. खुनी सापडल्यावर वाचायचं कशाला?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी पुस्तक संपवलं. डॉक्टरांना परवा कळलं होतं ते पुतणीचं लग्न ठरल्याचं. खून माळ्याने केला होता.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. बायको फोनवर बहिणीला सांगत होती, "एकशे बाराव्या पानावर ओळखला गं मी! ह्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नसता." इतकी खुशीत ती कितीतरी दिवसांत दिसली नव्हती.

मुद्रितशोधक पावलं न वाजवता परत फिरले. त्यांनी चिठ्ठी उलटी केली आणि पेन्सिलीने लिहिलं, 'डॉक्टर नव्हेत. हिला अजिबात सांगायचं नाही.'

उद्गारचिन्ह मात्र कुठेही दिलं नाही.