आभाळ धरणारी टिटवी

मुलांनो, हात धुतले असतील तर मांडी घालून बसा. एका जंगलात, नदीकाठच्या वाळूत, एक टिटवी राहत होती. ती पाय वर करून झोपायची. आभाळ कोसळलं तर पेलायला कुणीतरी नको का?

अख्खं जंगल तिला हसायचं. त्याचं तिला काही नव्हतं. तिचं दुःख वेगळंच होतं. पिल्लांना कुशीत घ्यायचं तर कुशीवर वळावं लागतं, आणि वळलं की पाय खाली येतात. त्यामुळे पिल्लं बिचारी बाजूला झोपत. टिटवीला रडू यायचं.

सल्ले मात्र पोतंभर मिळत. "एवढं मनावर घेऊ नकोस गं," अस्वलदादा म्हणे. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं," रानकोंबडी म्हणे.

शेवटी ती घोरपडबाईंकडे गेली. बाई समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या. पण सल्ला देत नसत, नुसतं ऐकत, म्हणून त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे.

सगळं ऐकून बाईंनी विचारलं, "आभाळ तुमच्यावर कुणी सोपवलं?"

टिटवीने खूप आठवून पाहिलं. "कुणीच नाही. आई धरायची, म्हणून मी."

"एक पाय थोडा खाली घेऊन बघायचा? मी बसलेय इथे."

टिटवीने हळूहळू पाय खाली घेतला. आभाळ जागच्या जागी राहिलं. ती पुन्हा पुन्हा बाईंकडे जात राहिली. आणि एका दुपारी दोन्ही पाय खाली घेऊन, पिल्लांना कुशीत ओढून, ती चक्क घोरू लागली.

जंगलात एकच बोंब उठली. अस्वलदादा धापा टाकत आला आणि त्याने तिला हलवून उठवलं. "अगं, आभाळ कुणी धरलंय मग?"

"पण तुम्ही तर मला हसायचात."

"तू धरलेलं असायचंस, म्हणून निर्धास्त हसायचो."

टिटवीने जांभई दिली. "घोरपडबाई फार चांगल्या आहेत, दादा. जाऊन या." आणि ती कूस बदलून झोपली.

आता बाईंच्या बिळापुढे ही भली मोठी रांग असते. रांगेतला प्रत्येक जण सांगतो, मला काही झालेलं नाही, मी आपला ह्यांना सोबत म्हणून आलोय.

तात्पर्य: आपल्यातल्या काळजी करणाऱ्या माणसाला समुपदेशकाकडे मुळीच जाऊ देऊ नये. ते माणूस बरं होतं, आणि मग आपली काळजी आपल्यालाच करावी लागते.