दुपारपुरती सून

साहेब, हेपुतेचं लग्न तुम्ही लावलंत आणि त्याची बायकोही तुम्हीच मारलीत. एकाच दुपारी.

ओपुवोच्या रस्त्यावर खडी पसरणाऱ्या पोरांना तुम्ही फर्मान सोडलंत, "केस मशिनीत अडकतात. डोक्याला कापड गुंडाळा, नाहीतर घरी बसा." अहो, आम्हा हिंबा लोकांत डोक्यामागे एकच वेणी सोडलेला पोरगा म्हणजे अजून बिनलग्नाचा, हे आमच्या शेळ्यांनाही कळतं. डोकं झाकतो तो नवरा. कुणाला विचारावंसंही वाटलं नाही तुम्हाला?

हेपुतेने कापड गुंडाळलं. त्याच दिवशी काचिरामामा मुलगी द्यायचं पक्कं करायला यायचा होता. कळायला लागल्यापासून हेपुतेच्या डोळ्यांपुढे मामाची वापेंगाच होती. काम सुटताच तो धूम घराकडे पळाला. कापड राहिलं डोक्यावरच.

त्याला पाहताच आईच्या हातातला ताक घुसळायचा भोपळा खाली पडला.

"मेल्या, लग्न केलंस? आईला न सांगता?"

"कुणी? मी?"

"नाही, बैलाने! डोक्यावर काय आहे मग?"

आधीच येऊन बसलेला मामा ताडकन उठला. "माझी पोर थोरली म्हणून नांदायला येणार होती. सवतीच्या हाताखाली गुरं दोहायला नाही!"

बाप मुळातच घाईचा. तो पवित्र आगीपाशी जाऊन पूर्वजांना वर्दी देऊन मोकळासुद्धा झाला, "घरात सून आली आहे. सांभाळून घ्या."

"बाबा, थांबा! सून-बीन कुणी नाही!" असं ओरडत हेपुतेने कापड ओढून काढलं आणि भर अंगणात फेकलं.

मग आईने असा हंबरडा फोडला की गुरं बिचकली. चारचौघांत नवरा डोकं उघडं कधी करतो? बायको गेली की.

"अगं माझ्या लेकी, तुझं तोंडसुद्धा पाहिलं नाही गं!"

शेजारणी धावल्या. "कशी गेली?" "साप चावला असणार." एकीने तर डोळे पुसत सांगितलं, "फार गुणी होती हो."

मामाबरोबर आलेली वापेंगा दात-ओठ खात हेपुतेच्या कानाशी आली. "माझ्याहून देखणी होती?"

मामाचा राग मात्र विरघळला. "भाच्या, दुःखातल्या माणसावर काय रागवायचं. सुतक फिटू दे, मग बोलू."

"पण मामा, मेलंय कोण?"

"गप्प बस," बाप म्हणाला. "पूर्वजांना आल्याची वर्दी दिली, आता गेल्याची द्यायला नको? चूक झाली म्हणून सांगू? आगीपाशी थट्टा करू?" मग त्याने आवाज खाली आणला. "नाव काय रे तिचं?"

तेच विचारायला हेपुते तुमच्या तंबूबाहेर उभा आहे. नावाशिवाय सुतक धरता येत नाही, धरल्याशिवाय फिटत नाही, आणि तोवर वापेंगा त्याच्याकडे पाहायला तयार नाही. तोंड चुकवू नका. कापड तुमचं होतं. बोला साहेब, आमच्या सुनेचं नाव काय होतं?