दार्सींचा पहिला घोट

माणसाची खानदानी वृत्ती संकटात ओळखली जाते, असं जगभर म्हणतात. आमच्याकडे, ब्राझीलच्या दक्षिणेला, ती पाण्याच्या तापमानावरून ओळखली जाते.

सांता मारियाच्या वाल्मोरला कोविड होऊन दीड वर्ष झालं होतं. आजार गेला, पण जाताना छातीत आपलं सामान ठेवून गेला. तो कामाला होता त्या टपाल कचेरीचा जिना चढला की वाल्मोर वरच्या पायरीवर दहा मिनिटं बसे, आणि लोक त्याच्याकडे तिथेच तिकिटं मागत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पुन्हा लागण झाली तर जिना विसरा. काळजी घ्या. पण काळजी करू नका." यातलं काय केव्हा करायचं, हे त्यांनी लिहून दिलं नव्हतं.

आणि रविवारी होणारे व्याही येणार होते. दार्सी, अलेग्रेते गावचे गुरांचे लिलाववाले. म्हणजे शिमारांव आलाच: भोपळ्याच्या एका पेल्यात कडू पाला, त्यावर गरम पाणी, आणि त्यात रोवलेली एकच धातूची नळी, जी सगळ्यांच्या ओठांतून फिरते. नळी पुसणं हा अपमान. नको म्हणणं त्याहून मोठा.

"मी माझा वेगळा पेला घेऊन बसतो," वाल्मोर बायकोला म्हणाला.

"बस की," इरासेमा म्हणाली. "पोरीलाही शेजारी बसव. जन्मभर."

"बाबा, एक रविवार," जोसी म्हणाली. "हात जोडते."

तेव्हा वाल्मोरने रूढीचाच आधार घेतला. जो शिमारांव बनवतो, तो पहिला पेला स्वतः पितो. म्हणजे आपणच बनवायचा. नळी कोरी मिळते. राहिल्या पुढच्या फेऱ्या. त्यासाठी पाणी चांगलं खळखळून उकळायचं, म्हणजे नळीवरचे जंतू आतल्या आत मरतात. योजना निर्दोष होती. फक्त तिची चव कोणीतरी घेणार होतं.

रविवारी इरासेमा मागे मांस भाजायला गेली आणि वाल्मोरने पहिला पेला डोळ्यांत पाणी आणून संपवला. दुसरा दार्सींच्या हातात गेला. त्यांनी एक घोट घेतला आणि जनावर दगावल्यावर करतात तसा चेहरा केला.

"पाणी उकळलंय."

"जरा गरम असेल."

"जरा? अहो वाल्मोर, या पाण्यात आम्ही डुक्कर सोलतो. पाला जळाला सगळा." ते जोसीकडे वळले. "बाळ, तुमच्या घरात हे नेहमीचं आहे का?"

जोसी छताकडे बघत राहिली.

"आणा इकडे," दार्सी म्हणाले. "शिकवतो."

त्यांनी पाला फेकला, नवा भरला, ताजं पाणी चढवून किटलीला कान लावला आणि ती गुणगुणायला लागताच उतरवली. मग रिवाजाप्रमाणे पहिला पेला स्वतः प्यायले, नळी गुरगुरेपर्यंत. दोनदा खोकले. "लिलावाची धूळ," म्हणाले, आणि पुन्हा पाणी भरून पेला वाल्मोरपुढे धरला.

नळी ओली होती. वाल्मोरला टपाल कचेरीचा जिना दिसला, एकूण बावीस पायऱ्या. मग जोसी दिसली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, नळीकडे बघत होती.

तो प्यायला.

"आता कसा?"

"छान."

"मग रिकामा करा. अजून चार फेऱ्या आहेत."

पाहुणे गेल्यावर वाल्मोर गॅरेजमध्ये राहायला गेला. तासातासाला बोट यंत्रात घालून प्राणवायू मोजायचा, रोज सकाळी कोविड तपासायला नाकात काडी घालायची. पट्टीवर रोज एकच रेघ येई, म्हणजे लागण नाही. तरी तो बाहेर येईना.

"जेवण ठेवलंय, कैद्या," इरासेमा खिडकीतून ताट सरकवायची.

सहाव्या दिवशी तिने ताटाऐवजी पट्टी सरकवली. दोन रेघा होत्या.

वाल्मोर खाली बसला. "तरी म्हणत होतो. तो खोकला धुळीचा नव्हता."

"दार्सी ठणठणीत आहेत. सकाळीच फोन होता, लग्नाची तारीख विचारत होते."

"मग ही कोणाची?"

पट्टी इरासेमाची होती. तिने जन्मात शिमारांवला तोंड लावलेलं नव्हतं.