टिपणीस काकांचं शहाणं प्लास्टिक

माझा उजवा अंगठा आज ब्रश धरतो, तो टिपणीस काकांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की या माणसापासून लांब राहिलेलं बरं. मलाही तसंच वाटायचं.

काका राहतात अष्टमी गावात, रोह्याच्या पुलापलीकडे. एका कंपनीच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. पण आमच्या पेणच्या गणपती कारखान्यात जवळजवळ रोज हजर, खांद्याला थर्मास लटकवून. त्यात चहा असेल असं समजून एसटीत शेजारच्या बाईंनी एकदा घोटभर मागितला. काकांनी झाकणात वाफाळतं पाणी ओतलं आणि खिशातून प्लास्टिकची गुंडाळलेली पट्टी काढून त्यात सोडली. पट्टी वळवळली, अंग ताणून सरळ झाली.

"अगो बाय, जित्ती हाय!" बाई पाय वर घेऊन बसल्या.

"जित्ती नाय, शहाणी आहे. ऊब लागली की हिला आपला मूळचा आकार आठवतो. हिला कळतं!"

मी मागच्याच सीटवर होते. "अव माय" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मी वाशीमकडची. सातवीत शाळा सुटली, ओळखीनं इथं रंगकामाला आले. पुढे भाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला डोळ्यांच्या आखणीवर बसवलं. हात जरा चुकला तर देव तिरळा दिसतो, त्यामुळे मी सदा धास्तावलेली. त्यात हे काका मागे उभे राहून सांगणार, अमक्या प्लास्टिकला आंबट कळतं, म्हणून त्याच्या आत भरलेलं औषध पोटात सुटत नाही, पुढे आतड्यात गेल्यावरच सुटतं. मी मान हलवायची आणि देवाची बुबुळं सांभाळायची.

शाडू वाळताना तडकतो हे कळल्यावर काकांनी एक पांढरी पावडर आणली. ती पाणी धरून ठेवते आणि हवा कोरडी झाली की हळूहळू सोडते, म्हणाले. भाऊंनी चार मूर्तींच्या मातीत ती मिसळू दिली. पण आमच्याकडे कच्च्या मूर्तीवर ओलं फडकं टाकायची सवय. कुणीतरी त्या मूर्तींवरही टाकलं, वर पाणी शिंपडलं. सकाळी फडकं उचललं तर पोटं टम्म फुगलेली आणि कान गळून पाटावर पडलेले.

भाऊ मटकन खालीच बसले. "काका, हा देव हाय का बेडूक? कसली पावडर ही?"

"लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तीच."

"डायपर? देवात?"

"मग पाणी कुणी पाजलं? पाजल्यावर ती पिणारच. तिला कळतं, तुम्हालाच नाय कळत!"

काका तोंडानं भांडत होते, पण हात जोडून एकेका मूर्तीची क्षमा मागत होते. भाऊंनी थर्मासला दारातच बंदी केली. काका दुसऱ्या दिवशी तो पिशवीत लपवून घेऊन आले.

मग मी ओल्या फरशीवर पडले. अंगठ्याच्या मुळाशी हाड मोडलं. प्लास्टर निघालं तरी अंगठा आत दुमडायचा, ब्रश गळून पडायचा. डॉक्टर म्हणाले, अंगठा ठरावीक कोनात धरणारा आधार लगेच हवा, उशीर झाला तर पकड येणार नाही. तयार मिळणारे माझ्या हाताला ढिले. मापाचा पनवेलहून करून आणायचा, त्यालाही वेळ लागणार. भाऊ मायेनंच म्हणाले, "तवर पॅकिंगला बस गो." मी पेंढ्यात मूर्ती बांधत रडायची. पकडच गेली तर वाशीमला कुठल्या तोंडानं जाऊ?

काकांनी ऐकलं आणि तडक घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत प्लास्टिकचा एक पांढरा साचा होता, हात टेकवून ठेवायचा. मनगटाशी बारीक, करंगळीची जागा जराशी बाहेर वळलेली.

"कुणाचा हो?"

"जुना माल आहे."

त्यांनी आमच्या चहाच्या पातेल्यात पाणी कढत केलं. भाऊ ओरडले, "काका, चायचं पातेलं!" काका साचा हातात धरून नुसते पाण्याकडे बघत राहिले. मग सोडला. बघता बघता प्लास्टिक काचेसारखं पारदर्शक झालं, हात उलगडला आणि सपाट पडला. काकांनी कात्रीनं तुकडा कापला, थोडा निवू दिला आणि माझ्या अंगठ्याभोवती ऊनऊन दाबून धरला. थोड्याच वेळात तो पुन्हा पांढरा, टणक. डॉक्टरांनी कोन तपासला आणि विचारलं, "हा कुणी केला?"

अंगठ्यात जोर आल्यावर पोह्याचे पापड घेऊन मी अष्टमीला गेले. दार काकांच्या बहिणीनं उघडलं. माझ्या हातावरचा आधार बघून त्या जागीच थांबल्या. मग कपाटातल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"म्हणजे वहिनीचा हात तुला दिला होय त्यानं!"

काकूंना लकवा झाला होता. बोटं मुठीत वळू नयेत म्हणून काकांनी तो साचा त्यांच्या हातावर केला होता. काकू गेल्या, साचा राहिला. गरम पाण्यात तो हात सपाट होताना मी डोळ्यांनी बघितला होता.

काका आतून आले. "काका, हे कशाला केलंत?"

"नवीन शीट यायला वेळ लागला असता. आणि ठेवून तरी काय, धूळ खात होता."

"दादा रोज पुसायचा," बहीण हळूच म्हणाली.

काका पापडाची पिशवी उघडून उगाच आत बघत बसले.

मला मूर्ती रंगवता येते, घडवता अजून येत नाही. सध्या काम संपलं की भाऊंकडून मातीतली बोटं करायला शिकतेय. मनगट बारीक, करंगळी जराशी बाहेर. बघितलेला हात मी विसरत नाही. काका, एक दिवस तो हात शाडूत घडवून तुमच्या कपाटात आणून ठेवीन.