हॉट-कोल्ड मारोतकाका

मारोतकाका इंग्रजी शब्द कधी एकटा वापरत नसत. उन्हाळ्यात दुपट्ट्याने मान पुसत म्हणत, "बाप्पा, लय हॉट-कोल्ड होऊन रायलं!" भंडाऱ्याची एसटी लागली की कंडक्टरला विचारत, "गाडी फुल-एम्प्टी हाय का?" कंडक्टर बिचारा आधी काकांकडे बघायचा, मग गाडीकडे. गल्लीतले आबा वारले, तेव्हा तर काकांनी दारोदार निरोप दिला, "आबा अलाइव्ह-डेड झाले!" एक बाई आबांसाठी संत्री घेऊन आली.

काका पवनीतले आमचे शेजारी. हातमागावर लुगडी विणायचे. काकू फार आधीच गेल्या होत्या, एकुलती मुलगी लग्न होऊन अमेरिकेत. तिकडच्या नातीला मराठीचा गंध नाही, म्हणून म्हातारपणी काकांनी इंग्रजी धरली, तीही विरुद्धार्थी शब्दांच्या बाजूने. मी घरी शिकवण्या घ्यायचो. सकाळी सहाला कडी वाजायची.

"मास्तर, आजची जोडी दे!"

"काका, एकेक शब्द शिका ना. अर्थासकट."

"उभा धागा हाय त आडवा पायजेच. एकट्या धाग्याचं कापड होते का, येड्या?"

गोंदिया नुकताच भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला होता. एका सकाळी त्यांनीच मला कोड्यात टाकलं. "भंडाऱ्याचं अपोझिट काय?" मग स्वतःच म्हणाले, "गोंदिया! मास्तर हाय का कोण हाय बे तू?"

जोड्या शेकड्याने पाठ झाल्या. फक्त जोडीतला कोणता शब्द कुठल्या अर्थाचा, एवढं लक्षात राहत नसे. काकांना त्याची फिकीर नव्हती. दोन्ही बोललं की एक लागतेच, म्हणत.

मग नात यायची ठरली. सात वर्षांची, पहिल्यांदाच. काकांनी घराला चुना मारला, दाढी केली, आणि पानठेल्यावर मला गाठलं. माझे चार दोस्त सोबत होते.

"मास्तर, पोट्टीले पाह्यल्याबरोबर म्हणीन का तू सुंदर हायेस. ब्युटिफुल का अग्ली? पक्कं सांग. तिथं दोन नाई चालत."

"अग्ली," मी म्हणालो.

दोस्तांनी हसू दाबायला पाठ फिरवली. काका तो शब्द पुटपुटत, सांडेल की काय अशा बेताने पावलं टाकत घरी गेले. संध्याकाळी जाऊन खरं सांगू, असं मी ठरवलं होतं. गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी ऑटोतून लाल फ्रॉकातली पोर उतरली. काका तिच्यासमोर वाकले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "यू अग्ली!"

पोर आईच्या मागे लपली. रडण्याचा आवाज आला तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या सकाळी कडी वाजली. आता शिव्या पडणार, असं धरून मी दार उघडलं. पण काका नेहमीसारखेच. "आजची जोडी दे." मी दिली. आठ दिवसांनी नात गेली, परत आली नाही. काका मात्र येत राहिले. वीस वर्षं मी त्यांना शब्द देत होतो आणि हा एक प्रकार गिळत होतो. बायकोलाही सांगितलं नाही.

यंदा पोळ्याच्या दिवशी मात्र राहवलं नाही. कपाळ काकांच्या पायांवर टेकवलं आणि सगळं ओकलो.

काकांनी ऐकून घेतलं. "मले त्याच दिवशी समजलं. लेकीनं अर्थ सांगतला. मंग पोट्टीजवळ बसून सोताचे कान धरले."

"मग मले शिव्या काहून नाई देल्या, काका?"

"देल्या असत्या त तू शरमेनं दार लावलं असतं." त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. "पोट्टी त आठ दिवसांची पाव्हणी होती, बाबू. मंग सकाळी उठून मी कोणाच्या घरी गेलो असतो?"