टोबान का उतरला?

आमचे शेजारी निवृत्तीआप्पा रस्त्यात भेटले की 'काय चाललंय' असं विचारत नाहीत. ते समोरच्याचा हात धरतात, त्याला जरा सावलीत घेतात आणि अगदी घरातलं काही विचारावं तसं विचारतात, "टोबान का उतरला, त्ये सांगा."

राहात्यात हा प्रश्न आता बहुतेकांनी ऐकला आहे. न्हाव्याकडे गालाला साबण लावलेला असताना आप्पांनी तो विचारला आहे आणि दशक्रियेला नदीवरही विचारला आहे. नवीन बदलून आलेल्या तलाठ्याने सावधपणे, "कुणाच्या विहिरीत उतरला?" असं विचारलं, तेव्हा आप्पांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. आमच्या गल्लीतल्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. बाकीच्यांनी मुलाचं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. आप्पांनी विचारलं, "शेवट पाह्यला का?" बिचाऱ्याने पाहिला होता. चांगला वाटला म्हणाला. आप्पांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगं उथळ हाय." लग्न झालं, पण तो जावई सासुरवाडीला आला की अजून मागच्या रस्त्याने येतो.

ज्यांना टोबान माहीत नाही त्यांना आधी सांगायला हवं. तो राहात्याचा नाही, नगर जिल्ह्यातला नाही, पृथ्वीवरचाही नाही. 'यान नंबर नऊ' नावाची एक परदेशी मालिका होती, हिंदीत करून मोबाईलवर दाखवायचे. पृथ्वी राहण्यासारखी उरली नाही म्हणून माणसं एका अवाढव्य यानात बसून नव्या ग्रहाकडे निघतात, असा विषय. यानाची कॅप्टन हेस्टर नावाची बाई, करारी आणि कमी बोलणारी. टोबान हे तिला एका जळालेल्या तळावर सापडलेलं पोर. तिने त्याला यानातच वाढवलं, इंजिनं शिकवली. सीझनमागून सीझन टोबान एकच गोष्ट सांगत राहतो, की तुला सोडून मी कुठे जाणार नाही. शेवटच्या भागात तो नवा ग्रह येतो. एवढं मोठं यान काही खाली उतरत नाही. कुणीतरी वर थांबून ते सांभाळायचं, तरच बाकीचे लहान यानांतून खाली पोचणार. कॅप्टन म्हणते, मी थांबते, तू उतर. आणि टोबान उतरतो. नव्या मातीवर उभा राहून वर आकाशाकडे बघतो. मालिका संपते.

या शेवटावरून जगभर भांडणं झाली म्हणतात. मला वाटतं, त्यातली निम्मी आमच्या गल्लीत झाली असतील.

आप्पांची पेरूची बाग गल्लीच्या टोकाला, माझ्या घराला लागूनच आहे. उंच, काटकुळी मूर्ती, डोक्याला टोपी, बंडीच्या खिशात मोबाईल. बायको फार लवकर गेली. मनीषा ही एकच मुलगी, ती आप्पांनीच वाढवली. तिची वेणी घालताना ते बागेतल्या बायकांना कामं सांगायचे, आणि कामं सांगता सांगता वेणी पुन्हा सोडून पहिल्यापासून घालायचे, असं जुने लोक सांगतात.

माणूस बागायतदार असल्यामुळे मालिकेतल्या पात्रांकडेही ते मालासारखंच बघतात. पेरू लांबच्या बाजाराला जायचा असेल तर तो हिरवा, टणक असतानाच तोडतात. वाटेत तो पिकतो. गावात विकायचा असेल तर पिवळा झालेला चालतो. त्यामुळे कॅप्टन हेस्टर म्हणजे 'लांबच्या गाडीचा माल'. पहिल्या सीझनमध्ये दात लागत नाही, पुढे पुढे घमघमाट सुटतो. यानातला डॉक्टर म्हणजे 'गावातला', आल्या दिवशी गोड आणि दुसऱ्या दिवशी मऊ. मधल्या सीझनमध्ये लेखकांनी जी नवी पात्रं घुसडली, ती 'क्रेट भरायला घातलेली'. या पद्धतीत कुणालाही सूट नाही. मला त्यांनी केव्हाच 'गावातला' ठरवून टाकलंय.

आप्पा या मालिकेच्या चाहत्यांच्या एका ग्रुपवरही आहेत. तिथे लखनौपासून इंदूरपर्यंतची तरुण पोरं पात्रांच्या जडणघडणीवर लांबलचक लिहितात. आप्पांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते बोलून पाठवतात, तेही आपल्या खास हिंदीत आणि बागेतल्या मचाणावर बसून. पेरूला पोपटांचा भारी त्रास. मचाणावर पत्र्याचा डबा टांगलेला असतो, पोपटांचा थवा आला की तो बडवायचा आणि ओरडायचं. त्यामुळे आप्पांचा निरोप असा असायचा: "कॅप्टन का मन लेखक को समझाच न्हाई... हाऽऽ! हुर्रर्र! उठ तिच्या मायला!" आणि मग डब्याचा ठणठणाट. ग्रुपवरच्या पोरांची समजूत झाली की हा माणूस मुद्दा मांडताना भावनेच्या भरात ताट वाजवतो. तिकडे त्यांना फार मान आहे.

माझं मत आप्पांच्या उलट होतं. टोबान उतरला हे बरोबर झालं, असं मला पहिल्यापासून वाटत आलंय. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सकाळी दूध आणायला निघालो की कुंपणापाशी आप्पा उभेच.

"येवढे सीझन एक मानूस उभा करायचा, आन शेवटच्या भागात त्येला दुसराच करून टाकायचा? ह्येला काय लिहिनं म्हनत्यात व्हय?"

"अहो आप्पा, माणूस बदलतो."

"बदलतो, पन दिसाय नको का बदलताना? कालपातुर तिचा पदर सोडत नव्हता, आन आज चालला टुनटुन उड्या मारत!"

"ती कॅप्टन आहे, तिला पदर नाही."

"तुमी फिजिक्सवाले. तुमाला यान कळतंय, मानसं कळत न्हाईत."

असं वर्षभर चाललं. दूध उशिरा पोचायचं, चहा उशिरा व्हायचा आणि बायको मला टोबान म्हणायला लागली. एखाद्या दिवशी मी असा बिनतोड मुद्दा काढायचो, की आप्पा टोपी मागेपुढे करायचे आणि म्हणायचे, "ह्ये पुन्हा म्हना बरं." मला वाटायचं, आता शरण येतोय म्हातारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंपणापाशी हजर, आणि माझ्याच मुद्द्यावर तोड घेऊन.

या सगळ्याचं मूळ मनीषा. लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं त्या काळात ती पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आली. मोबाईलला रेंज फक्त मचाणावर. काम संपलं की बापलेक तिथे बसून एका फोनवर 'यान नंबर नऊ' बघायचे. तिला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा मालिका अर्धी राहिली होती. मग दर रविवारी दुपारी ती तिकडे आणि हे इकडे एकाच वेळी भाग सुरू करायचे, आणि संपला की फोनवर त्याची चिरफाड. आप्पा फोन कायम स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे ती चिरफाड सगळ्या गल्लीला ऐकू यायची. मालिका संपली तेव्हा मला वाटलं, आता रविवारी झोप मिळेल. पण त्या शेवटाने घोटाळा केला. मनीषाला तो आवडला, आप्पांना आवडला नाही, आणि रविवारचा आरडाओरडा आधीपेक्षा वाढला.

मागच्या आठवड्यात एका सोमवारी मी दूध आणायला गेलो आणि आलोही, कुंपणापाशी कोणी नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मला सुट्टी होती. खिडकीतून पाहिलं तर बागेत पोपटांचा बाजार भरलेला, आणि डब्याचा आवाज नाही. मी घाबरलो. तसाच चप्पल अडकवून बागेत गेलो.

आप्पा मचाणावर बसले होते. शेजारच्याच फांदीवर एक पोपट पेरू कोरत होता आणि आप्पा त्याच्याकडे नुसते बघत होते.

"आप्पा, बरं नाही का?"

"बरा हाय की. जिंकलो."

"म्हणजे?"

"रईवारी मनी म्हनली, आप्पा, तुमचंच बरोबर. मी पुन्हा पाह्यलं सगळं. टोबाननं उतराय नको हुतं. पटलं म्हनली."

"अहो, मग पेढे आणा!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "पेढे काय आनता सर. आता फुडल्या रईवारी मी बोलू काय तिच्यासंगं?"

मी मचाणाच्या शिडीवरच टेकलो. म्हटलं, घरचं बोला, तब्येतीचं बोला.

"त्ये लगेच संपतंय हो. जेवला का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. थंडी हाय का तिकडं? हाय. मंग ती म्हनती, ठेवू का? ठेव. झालं." त्यांनी टोपी सारखी केली. "भांडान असलं का ठेवत न्हाई. आमच्या घरात भांडान अर्धं सोडून कुनी उठत न्हाई. तिच्या आईची रीत हाय ती."

पोपटाने पेरू टाकून दिला आणि दुसरा धरला.

"तुमाला सांगतो, पन गल्लीत बोलू नका," आप्पा म्हणाले. "मला शेवट आवडला हुता. पैल्याच दिवशी. लई आवडला. असा शेवट कुनी लिहिला न्हाई. मी हितं बसून पोटभर रडलो. तेवढ्यात मनीचा फोन आला. काय बेस झालं ना आप्पा, म्हनली. मी व्हय म्हनलो असतो तर बोलनं तिथंच संपलं असतं. म्हनून म्हनलो, काय बेस? पार वाटूळं केलं."

"आणि वर्षभर माझ्याशी भांडलात ते?"

"सराव नको का? तिचं डोकं लई चालतंय. तुमच्यावर घासून बघायचो, मंग तिला सांगायचो."

मला हसू फुटलं. एवढे दिवस मी स्वतःला या वादाचा दुसरा खांब समजत होतो, आणि होतो मी तालमीतला गडी. राग मात्र आला नाही. उलट वाटलं, आपल्या हातून अजून चांगली तालीम व्हायला हवी होती.

"आता असं करू," आप्पा एकदम सावरून बसले. "मी तुमच्या बाजूला येतो. शेवट बरोबर हुता म्हनतो. म्हंजी ती म्हनंल चूक. तुमी मला तुमचे मुद्दे शिकवा."

मग बागेत आमचा वर्ग भरला. मी त्यांना कक्षा समजावली. वर कुणीतरी थांबणं कसं भाग होतं ते सांगितलं. "फिजिक्स नको," आप्पा म्हणाले. मी टोबानच्या जबाबदारीचं सांगितलं. "ह्ये भाषनात चालंल, मनीला चालनार न्हाई." तिसरा मुद्दा, की कॅप्टनचा हुकूम मोडता येत नाही, त्यांना बरा वाटला. तो त्यांनी दोनतीनदा घोकला. रविवारपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण आप्पांना कुठला धीर! त्यांनी तिथूनच फोन लावला.

"आप्पा? आज कसा काय फोन? तब्येत?" मनीषाचा आवाज घाबरला होता.

"तब्येतीला काय झालंय! आगं, मीच चुकलो हुतो. मी पुन्हा इचार केला. टोबान उतरला त्ये बरोबर हुतं."

"काय? आप्पा! वर्षभर डोकं खाल्लं माझं! आता मला पटलं, तर तुम्ही फिरताय?"

आप्पांनी मला डोळा मारला. मी तिसऱ्या मुद्द्यासाठी तीन बोटं वर केली. पण मनीषाच पुढे बोलायला लागली, आणि तिचा आवाज भांडणाचा नव्हता.

"मी खरंच पुन्हा पाहिला, आप्पा. खाली सगळं नवीन आहे, चांगलं आहे. घर मिळेल, काम मिळेल. पण तो वर बघतो ना, तेव्हा वाटलं, हा काय करणार इथे? कुणाशी बोलणार? त्यानं उतरायला नको होतं. तिला एकटीला वर ठेवून यायला नको होतं."

मी बोटं खाली घेतली.

खालच्या फांदीवर आणखी दोन पोपट येऊन बसले. ना आप्पांनी हाकललं, ना मी.

"न्हाई बाय," शेवटी ते म्हणाले. "उतराय पायजेच हुतं. तिनं यान येवढ्या लांब आनलं कशापायी? त्येला उतरवायलाच की. त्यो वरच बसला असता, तर तिचं सगळं फुकट गेलं असतं."

हा मुद्दा मी शिकवलेला नव्हता.

"आणि तिचं काय, आप्पा?"

"तिला काय झालंय? मजेत हाय ती. काम हाय, यान हाय. वरनं रोज बघती खाली. दिसतंय तिला समदं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मला नाही पटलं," मनीषा म्हणाली. "अजिबात नाही पटलं. आता मला कामावर जायचंय. रविवारी बोलू. आणि जेवून बसा, मी लवकर सोडणार नाही."

फोन बंद झाला. आप्पा तो हातातच धरून बसले.

"न्हाई पटलं म्हनली, सर," ते मला म्हणाले. ते हसत होते, आणि गालावरून ओघळणारं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं.